धाकट्या जावेचा ड्रेस

धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे मी आता लपवत नाही. ती तळेगावची, शिकलेली. लग्न होऊन कान्ह्याला आमच्या घरात आली आणि वर्षभरात आंबीच्या एका कारखान्यात ऑफिसच्या कामाला लागली. सकाळी कंपनीची बस तिला न्यायला यायची. मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर पडेपर्यंत ती गेलेली असायची, अंगणात तिच्या सेंटचा वास तेवढा राहिलेला. तिची चार वर्षांची मुलगी मात्र दिवसभर माझ्यापाशी. मला ‘मोठी आई’ म्हणायची.

एका रविवारी आम्ही तिघी खंडाळ्याला तळ्याकाठच्या बागेत गेलो. बाग सगळ्यांसाठी खुली, तिकीट नाही. पण देखभाल ठेकेदाराकडे गेल्यापासून फाटकावर निळ्या कपड्यांतला गार्ड उभा असे. जाऊ पोरीचं बोट धरून पुढं गेली. डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पर्स. गार्डनं तिच्याकडं पाहिलंही नाही. दोन पावलं मागं मी होते. माझ्यापुढं त्यानं काठी आडवी धरली.

“ए मावशी, पिशवीत काय? जांभळं विकायला आणली का?”

“न्हाई ओ. भाकरी हाय, आन् पोरीचं कपडं.”

“उघडून दाखवा.”

मी तिथंच पिशवी उघडली. काठीच्या टोकानं त्यानं पोरीचा फ्रॉक उचलून पाहिला, भाकरीचं फडकं सोडायला लावलं. येणारी माणसं माझ्याकडं बघत बाजूनं आत जात होती. तेवढ्यात जाऊ मागं वळली. “सोडा त्यांना, माझ्याबरोबर आहेत.”

“तुमच्याकडं कामाला आहेत का? मग आधी सांगायचं ना, मॅडम!”

जाऊ पोरीचं बोट धरून आत चालू लागली.

आत पोर घसरगुंडीवर चढली आणि वर गेल्यावर घाबरून रडू लागली. मी तिला उचलून कडेवर घेतलं तशी शिट्टी वाजली. तोच गार्ड धावत आला. “कुणाचं पोर आहे हे? खाली ठेव आधी.” मी सांगत होते, पोर रडत रडत “माझी मोठी आई आहे” म्हणत होती, पण त्याला ते पुरेना. बाकावर फोनवर बोलत बसलेल्या जावेला त्यानं बोलावून आणलं. तेव्हा कुठं ती म्हणाली, “अहो, माझ्या जाऊबाई आहेत.”

“सॉरी मॅडम,” तो म्हणाला. मला नाही, तिला.

त्या गार्डचा मला राग यायला हवा होता. आला जावेचा. तिला कुणी अडवत नाही, तिची पर्स कुणी बघत नाही, आणि जिला मी न्हाऊमाखू घालते तिच्याबद्दलही हिचाच शब्द खरा. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग एका बुधवारी मी वेडेपणा केला. ती कामावर गेल्यावर पोरीला सासूबाईंकडे ठेवलं आणि तिच्या कपाटातला निळा ड्रेस, गॉगल आणि मोठी पर्स घेऊन निघाले. कान्ह्यात कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून लोणावळा स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये ड्रेस घातला आणि साडी घडी करून पर्समध्ये कोंबली.

बागेच्या फाटकावर तोच गार्ड होता. “गुड मॉर्निंग मॅडम,” म्हणत त्यानं वाट मोकळी केली. पर्स साडीनं टम्म फुगली होती, पण त्यानं विचारलं नाही. इतकं गोड वाटलं मला, की मुद्दाम हळू चालले.

माझ्या मागून एक बाई म्हाताऱ्या सासूला धरून येत होती. हातात पिशवी, माझ्यासारखीच. त्यानं काठी आडवी धरली. बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला हाक मारली, “ताई, जरा सांगा की ह्यांना. आमी नुस्तं बसाया आलोय.”

गार्डनं माझ्याकडं पाहिलं. “तुमच्याबरोबर आहेत का, मॅडम?”

“नाही. मी ओळखत नाही यांना,” मी म्हणाले. अगदी जावेसारखी शुद्ध बोलले.

जाऊन बाकावर बसले, पण बसवेना. पाच मिनिटांत उठून फाटकावर आले. त्या दोघी नव्हत्या. रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन पाहिलं. कुठंच नव्हत्या.

परत येताना साडी नेसायचं सुचलंच नाही. तशीच घरी आले, आणि नेमकी त्या दिवशी जाऊ लवकर आलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, त्या दोघींचंही.

तिनं माझ्या खांद्यावरची पर्स उतरवून घेतली. मग म्हणाली, “ताई, आमच्या कंपनीच्या गेटवर रोज सुटताना माझी पर्स उघडतात. डबासुद्धा बघतात. त्या दिवशी त्यानं काठी धरली ना, तेव्हा वाटलं, जास्त बोलले तर मलाही थांबवेल.”

“कामाला हायेत का म्हनला, तवा तरी बोलायचं व्हतंस.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तीच म्हणाली, जाऊ या. मी माझ्या साडीत. गार्डनं मला अडवलं तशी जाऊ मागं आली आणि पर्सची चेन उघडून त्याच्यापुढं धरली. “आधी माझी बघा. मग यांची. ते साहेब चाललेत ना कुत्रं घेऊन, त्यांच्याही खिशात बघा.” आवाज असा चढला की लोक थांबले. गार्ड “राहू द्या, राहू द्या” म्हणत बाजूला झाला.

लोक तिच्याकडं कौतुकानं बघत होते. पोर टाळ्या वाजवत होती. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? पण तिच्या मागून आत जाताना मनात एकच होतं: त्या बुधवारी हे मला का जमलं नाही?