बाहेर न आलेली पुंगळी

बंदूक अडकली, की शस्त्रं दुरुस्त करणारे आमचे आर्मोरर नाना आधी गप्प व्हायचे. मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचे आणि बॅटरीच्या उजेडात चेंबरमध्ये बराच वेळ बघत राहायचे. "पहिले देखानं, मंग बोलानं," एवढंच म्हणायचे.

धुळ्यात मी नवी पोलीस शिपाई असताना सरावात माझ्या एसएलआर बंदुकीत झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी अडकली. सराव घेणारे उस्ताद सगळ्यांसमोर मला बोलले. नानांनी नळीतून सळई सारून पुंगळी पाडली, आत पाहिलं आणि म्हणाले, "चेंबरमा मळ शे. तुनी चूक नही, पोरी." पुढे शस्त्रागारात मी त्यांच्याच हाताखाली आले.

तिथे एक बंदूक ते कोणालाच देत नसत. तिच्यावर कायम 'दुरुस्तीला' अशी चिठ्ठी. एकदा मी कारण विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. जंगलातल्या बंदोबस्तासाठी त्यांनी घाईत वीस बंदुका तपासल्या होत्या. ही बंदूक ज्याच्याकडे गेली, त्याने एकच गोळी झाडली. पुंगळी आतच राहिली, दुसरी गोळी भरली गेली नाही आणि तो मारला गेला. चौकशीत ओलसर काडतुसावर ठपका आला. पण नानांनी पुंगळीची कड पाहिली होती. पुंगळी ओढून बाहेर काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, तिच्यावरून घसरल्याचा ओरखडा तिथे होता. त्याची स्प्रिंग ढिली झाली होती, आणि ती त्यांच्या नजरेतून सुटली होती. "झोपमाबी बोल्ट वढस मी," ते म्हणाले. "पुंगळी येतच नही."

दर वर्षी ते बोदवडला त्या शिपायाच्या आईला भेटायला जात, चहा पिऊन परत येत. निवृत्तीच्या महिन्यात मलाही सोबत नेलं. त्या दिवशी मात्र त्यांनी तिला सगळं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "मले वाटलंच होतं. दरसाल कोण उगाच येते, भाऊ?" मग तिने विचारलं, "ती बंदूक कुठे आहे आता?"

"माझ्याजवळ. कोणाला देत नाही."

"द्या. नीट करून द्या. कोणाच्या तरी पोराले लागंन ना."

दुसऱ्या दिवशी नानांनी एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंग बदलली. सरावाच्या मैदानावर मी वीस गोळ्या झाडल्या. वीस पुंगळ्या बाहेर पडल्या. नाना वाकून एकेक उचलत होते, कड बोटाने चाचपत होते. विसावी हातात घेऊन ते तिथेच मातीत बसले, आणि किती तरी वेळ मला त्यांना उठवता आलं नाही.