मृगानंतरचे तीन ठिपके

माझ्या माहेरी एक गाय भुकेनं मेली, आणि तीही वैशाखात नाही, पाऊस पडल्यानंतर. रान हिरवं दिसत होतं आणि ती दावणीला आडवी पडली होती. वडिलांनी चारा मृगापर्यंत बरोबर पुरवला होता, मृगही वेळेवर बरसला. पण बोटभर कोंबांनी गाईचं पोट भरत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो मी तेव्हा डोळ्यांनी पाहिला.

लग्न होऊन तळोद्याजवळच्या गावी आले तर इथंही तीच तऱ्हा. हे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. यजमान नोकरीला धुळ्याला, शेत थोरले दीर पाहत, आणि नऊ गाईंचा गोठा माझ्या गळ्यात. नाल्याकाठी आमचं मोठं कुरण होतं. पाऊस पडला की गुरं त्यात सोडायची, ती वाटेल तशी चरायची, आणि उरलंसुरलं गवत दिवाळीनंतर कापायचं. तोवर त्याला कुसळं धरलेली असत. ती गाईच्या तोंडात रुतत आणि गाय निम्मं गवत टाकून देई. मग फाल्गुनात दोन-तीन गाई खापर गावच्या बाजारी विकायला जात. त्या वर्षी श्रावणातच दीर सासूबाईंना म्हणाले, "माय, औंदा चार गावड्या इकी टाकू. मिरिगलोंग चारा पुराव नही."

थोरल्या दिरांशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. मी सासूबाईंना सांगायचं, त्यांनी ओसरीवरून ऐकायचं, आणि उत्तरही सासूबाईंनाच द्यायचं. सासूबाई वाती वळत आमचं भांडण मजेत ऐकत.

"आत्या," मी म्हटलं, "एक वरीस कुरण मन्हा हातमा द्या. नही पुरनं ते चार कसाले, बठ्या इका."

चार काय, सगळ्याच गाई विका, असं मी बोलून गेले. पण शब्द मागे घ्यायचा माझा स्वभाव नाही. ओसरीवरून "बरं" एवढंच आलं.

कुरणाचे तीन भाग केले, मध्ये बाभळीच्या काट्या रोवल्या. दोन भागांत गुरं आलटून पालटून चरणार, तिसऱ्यात एक शिंगही शिरणार नाही. तिसऱ्यातलं गवत फुलोऱ्यात येताच, कुसळं धरायच्या आत, मी कापायला लावलं. गावाला हसायला निमित्तच मिळालं. दिवाळीआधी कोणी गवत कापतं का, एक सर आली की सगळं कुजेल! डोंगरपायथ्याच्या पाड्यावरचा आमचा म्हातारा गुराखी तेवढा हसला नाही. आभाळ पाहून त्यानं चार दिवस उघडीप मिळेल म्हणून सांगितलं, आणि त्या चार दिवसांत आम्ही ते उलथून पालथून वाळवलं. गंजी रचल्यावर मी रोज सकाळी कोपरापर्यंत हात आत घालून पाही. ओलं राहिलेलं गवत आतून तापतं आणि कुजतं. आमचं थंड होतं, आणि रंग अजून हिरवट होता.

मग गोठ्याच्या भिंतीवर मी गेरूचे ठिपके काढले. एक ठिपका म्हणजे आठ दिवसांचा चारा. आधी ज्वारीच्या रानातली धसकटं, पुढे कडबा, कडबा संपला की गवत. मृगाला एक आडवी रेघ मारली आणि रेघेनंतर आणखी तीन ठिपके.

सासूबाईंनी दिरांच्या वतीनं विचारलं, "या तीन कसाले? पानी ते पडी जाई ना."

"पानी पडी, आत्या. गवत कोठे वाढेल ऱ्हाई?"

फाल्गुन गेला. गाई विकल्या नाहीत, पण दिरांनी विकायचा बोलही मागे घेतला नाही. मृगापर्यंत पाहू, असं ठरलं. मृग लागला, पाऊस झाला, आणि चार दिवसांत गावातली झाडून सगळी गुरं रानात गेली. आमच्या गाई हिरव्या वासानं हंबरून हंबरून दावी तोडायला निघाल्या. दिरांनी गुराख्याला सांगितलं, "सोडी दे." मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले आणि गुराख्यालाच म्हटलं, "सोडजो नको." म्हातारा दोघांकडे पाहून खाली बसला आणि चिलीम काढून म्हणाला, "कोंबच खाई टाका ते मंग वाढी काय?" दीर शेताकडे गेले. गाईंचं ते हंबरणं ऐकून मला रडू येत होतं, तरी मी मोजूनच पेंढ्या टाकल्या.

पुढच्या पंधरवड्यात गावातली कुरणं तासून काढल्यासारखी झाली. ऐन पेरणीत शेजारच्या काकांची बैलजोडी बसली. ते आमच्या अंगणात आले आणि दिरांना म्हणाले, "भाऊ, धा पेंढ्या दे. बैल उठत नही."

मी गोठ्याच्या दारात होते. दिरांनी गोठ्याकडे हात केला.

"माले नको इचारू," ते म्हणाले, "गवत तिनं शे. गावड्या बी तिन्या शेत. तिले इचार."

मी पदर पुढे ओढला आणि माझ्या गवतातल्या दहाच्या जागी पंधरा पेंढ्या दिल्या. कुरण उघडायला अजून आठ दिवस आहेत, तोवर पुन्हा मागायला येऊ नका, हेही दिरांच्या देखत माझ्याच तोंडानं सांगितलं.