आत्यानं चावी हरवली नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फादरसमोर गुडघे टेकले, बाकी सगळी पापं ओकली — दारू, शिव्या, भांडणं — हे तेवढं गिळलं. आता तुम्हाला सांगतो, कारण गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं.

त्या दिवशी चर्चमध्ये रेजीनआत्याच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. ती माझ्या बापाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तारापूरकडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये जन्मभर राबली. वेदीची कापडं घरी आणायची, भाताच्या पेजेची खळ द्यायची, इस्त्री अशी की घडीवर बोट कापेल. पालघरहून येणारे फादर बदलले, आत्याची घडी बदलली नाही. आणि त्या मिस्सेत नवे फादर गोड आवाजात म्हणाले, बिचारी म्हातारपणी विसरायला लागली होती, चर्चची चावीसुद्धा हरवून बसली. लोक हसले. मायेनंच हसले — पण हसले ना?

विसराळू? ती? सत्त्याऐंशीव्या वर्षीही गावात कुणाचा बाप्तिस्मा कुठल्या रविवारी झाला, ते सांगायची.

ती चावी वेदीमागच्या खोलीची. आत्या ती कमरेला बांधायची, फक्त आंघोळीला जाताना घरातल्या खुंटीला टांगायची. मग तिथून गेली कुठं? थांबा — सांगतो.

तेव्हा माझी मार्था अंथरुणाला खिळलेली, अर्धं अंग गेलेलं. मी बोईसरच्या कारखान्यातून रिटायर होऊन घरीच. आत्या सकाळी चर्चला जायची ती जेवणाच्या वेळेला यायची. तोवर मार्थाचं सगळं माझ्यावर. शेजारी म्हणायचे, बायकोची केवढी सेवा करतो. सेवा कसली? तिचं हगणंमुतणं काढताना मला किळस यायची. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोची किळस! तिला ते कळायचं. ती तोंड भिंतीकडे करायची.

मला आत्या घरात हवी होती. चावी मी काढली.

तेव्हाच्या फादरांनी नवं कुलूप लावलं, काम दुसऱ्या बाईकडे दिलं, आत्याला म्हणाले, आता आराम करा. आत्या घरी बसली. बसली कुठं — मार्थाला शेवटपर्यंत तिनंच धुतलं-पुसलं, केस विंचरले. आणि दर मंगळवारी संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावली, कारण हरवलेलं तोच शोधून देतो. मेणबत्त्या बाजारातून कोण आणायचं? मीच.

मार्था गेली. नंतर चार वर्षांनी, मागच्या महिन्यात, आत्याही. त्या दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"पास्कू, गावली का रे चावी?"

"नाय गो, आत्या."

"गावेल. अंतोनी ऐकतो."

चावी माझ्या बंडीच्या खिशात होती. तेव्हा काढून हातात ठेवली असती, तर काय झालं असतं? काही नाही. दोन पावलांवर तिचा हात होता. नाही ठेवली.

आता ती चावी मी पुन्हा त्याच खुंटीला टांगली आहे. घराचं दार उघडंच असतं. ज्याला आत्या विसराळू वाटते, त्यानं यावं आणि बघून जावं. फादरांनीही यावं. माफीबिफी मी मागत नाही. आत्यानं काही हरवलं नव्हतं.