धाकट्याच्या नाटकाचं परीक्षण

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कोपरेकाका वर्तमानपत्राच्या कचेरीत, खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलाशी बसून, गोगलगायींवरच्या एका पुस्तकाबद्दलचं शेवटचं वाक्य खोडत होते. आधी दोनदा खोडून झालं होतं. अखेर त्यांनी लिहिलं, ‘घाईत असणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर विकत घ्यावं आणि घाई संपल्यावर वाचावं.’ हे मात्र राहू दिलं.

त्यांचं सदर दर शुक्रवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात येतं. त्यात चार चौकटी असतात. तीन पुस्तकं आणि एक नाटक, असा साधारण बेत. त्या आठवड्याची पुस्तकं तयार होती. गोगलगायींचं पुस्तक एका दंतवैद्यानं लिहिलं होतं. दुसरी एक खुनाची कादंबरी. खुनी कोण हे दहाव्या पानावरच कळतं आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, असं त्यांनी नमूद केलं होतं. तिसरा एका पोस्टमनचा कवितासंग्रह. ‘निम्म्या कविता योग्य पत्त्यावर पोचतात. उरलेल्या कवीनं स्वतः परत घेऊन जाव्यात.’ चौथी चौकट नाटकाची. ती रिकामी होती आणि सहा वाजता मजकूर द्यायचा होता.

कोपरेकाका तारे देत नाहीत, गुण देत नाहीत. हे कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये, एवढंच सांगतात. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीबद्दल त्यांनी ‘गुडघेदुखी असलेल्यांनी मांडीवर घेऊ नये’ असं लिहिलं, तर पुढची आवृत्ती दोन खंडांत निघाली. लोक त्यांचं ऐकतात. शुक्रवारी सकाळी पुस्तकांचा दुकानदार आधी सदर वाचतो आणि मग दर्शनी फळी लावतो. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीतली बाईही वाचते, म्हणजे किती वाजता जेवून घ्यायचं ते तिला ठरवता येतं.

कोपरे हे त्यांचं आडनाव नाही. नाट्यगृहात ते कायम उजवीकडची कडेची खुर्ची घेतात, म्हणून पडद्यामागच्या मंडळींनी त्यांना ‘कोपरा’ म्हणायला सुरुवात केली. ‘कोपरा आलाय रे’ म्हटलं की नट चहाचे कप खाली ठेवत. पुढे एका संस्थेनं निमंत्रणपत्रिकेवर ‘श्री. कोपरे’ असं छापून टाकलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. आता कचेरीतल्या निम्म्या लोकांना खरं आडनाव ठाऊकही नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलंच तर ‘मध्यंतरात राहून गेलं’ म्हणतात. आई होती तोवर घरात दोन माणसं होती. आता एक आहे.

त्यांनी एक नियम पहिल्या वर्षापासून पाळला आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडे चहा घ्यायचा नाही. प्रयोग संपला की ते रंगपटात जात नाहीत, समोरच्या दारानं बाहेर पडतात. सुरुवातीला मंडळी आग्रह करायची. नंतर आग्रह थांबला, मग हाक थांबली. नियमाला जोडून एक पोटनियम होता. ज्याच्याकडे चहा घ्यावाच लागतो, त्याच्याबद्दल लिहायचं नाही. तो एकाच माणसासाठी केलेला होता.

धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होता आणि संध्याकाळी नाटकात कामं करायचा. नोकर, हवालदार, मुलीचा दुसरा काका. ज्या नाटकात धाकटा, ते नाटक सदरात नाही, असं वीसेक वर्षं चाललं. दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी अख्खं नाटक सदरातून जायचं. मग निर्मातेही शहाणे झाले. ‘तुला घेतलं की कोपरा वाया जातो,’ असं एकानं त्याला तोंडावर सांगितलं. धाकट्यानं ते हसत हसत थोरल्याच्या कानावर घातलं होतं. थोरला म्हणाला होता, ‘नियम आहे.’

आता निवृत्तीनंतर धाकट्याला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. नाटक एका नव्या मुलीनं लिहिलेलं, बसवलेलंही तिनंच. पहिल्या दोन प्रयोगांना मागच्या रांगा ओस पडल्या. या शनिवार-रविवारी अर्धं नाट्यगृह तरी भरलं नाही तर नाटक बंद, असं निर्मात्यानं सांगून टाकलं होतं. हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. कोपरेकाकांनाही.

साडेचारच्या सुमारास पुरवणीची संपादक त्यांच्या टेबलाशी आली. ती त्यांच्याहून निम्म्या वयाची आहे आणि उभ्यानंच बोलते.

‘काका, चौथं काय?’

‘जुनं पुस्तक टाकतोय. बोटी कशा बांधतात त्यावरचं.’

‘बोटी? अहो, नवं नाटक लागलंय की.’

‘त्यात माझा भाऊ आहे.’

‘मग?’

‘मग काही नाही. म्हणून बोटी.’

‘दुसऱ्या कोणाला पाठवू? क्रीडावाला मोकळा आहे.’

‘मागे पाठवलं होतंत त्याला. त्यानं नाटकाचा निकाल लिहून आणला होता.’

ती हसली, पण हलली नाही. ‘तुम्ही बघितलंय का?’

‘रविवारी.’

‘वाईट आहे?’

‘नाही.’

‘मग लिहा ना. भाऊ आहे हे पहिल्या ओळीत सांगून टाका. लपवलं तर लबाडी. सांगितलं तर माहिती.’

‘बोटींचं पुस्तक चांगलं आहे.’

‘सहा वाजता, काका. बोटी की भाऊ, सहा वाजता,’ असं म्हणून ती गेली.

रविवारी त्यांनी पास मागितला नव्हता. खिडकीवर तिकीट काढून ते बाल्कनीत, शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. तिथे कोणी ओळखीचं दिसण्याची शक्यता नव्हती. खरं तर तिथे कोणीच नव्हतं.

नाटक एका निवृत्त, एकट्या माणसाचं. घरातली एक खोली भाड्यानं द्यायची म्हणून तो जाहिरात देतो. लोक येतात. तो प्रत्येकाला बसवतो, पाणी देतो, नीट चौकशी करतो आणि प्रत्येकाला नकार देतो. एकाच्या चपला फार वाजतात. एक फार हळू बोलते. एकाला कोणतीच खोड नाही, तो कसा चालेल? प्रेक्षक मोजके होते, पण हसत होते.

पहिल्या अंकाच्या मध्याला धाकटा रंगमंचावर जेवायला बसला. बाहेर लिफ्टचा आवाज झाला. लिफ्ट मजल्यावर थांबली. त्याचा घास तोंडात तसाच राहिला, जबडा थांबला. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, कोणाची तरी पावलं समोरच्या घरात गेली. तो पुन्हा चावायला लागला. हशा.

कोपरेकाका तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी राहतात.

थोड्या वेळानं तो माणूस बाहेर जायला निघाला. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि स्वतःच्याच घराची बेल दाबली. ती वाजली. समाधानानं मान हलवून तो निघून गेला. या वेळी हशा मोठा होता. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं टाळीसुद्धा वाजवली.

आई गेल्यानंतरच्या वर्षी धाकटा अधूनमधून थोरल्याकडे जेवायला येत असे. एकदा दोघे बरोबर बाहेर पडताना थोरल्यानं कुलूप लावून बेल दाबली होती.

‘दादा, आत कोण आहे?’

‘कोणी नाही. बिघडली असली तर कळायला नको?’

त्यावर तेव्हा कोणी हसलं नव्हतं. रविवारी बाल्कनीत कोपरेकाका मध्यंतरात उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. त्यांना राग आला का, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. दुसरा अंक त्यांनी पूर्ण बघितला. शेवटी खोली बघायला आलेले सगळे गेल्यावर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलतो. लांबलचक स्वगत आहे. पुढच्या रांगांत रुमाल निघाले. कोपरेकाका समोरच्या दारानं बाहेर पडले.

पाच वाजत आले तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. धाकट्याची बायको होती.

‘भावोजी, कामात आहात का?’

‘बोल.’

‘रविवारी आला होतात.’

‘कोण म्हणालं?’

‘दारावरचा माणूस. म्हणाला, कोपरेकाका आज वर जाऊन बसलेत, तब्येत बरी आहे ना त्यांची?’

कोपरेकाकांनी पेनाला टोपण लावलं.

‘बेलवरून रागावलात का?’

‘कसली बेल?’

‘भावोजी. मला त्यानं आधी विचारलं होतं. मी म्हटलं, नको करू, ओळखतील. तर म्हणाला, मला दुसरा कोणी इतका ठाऊकच नाही. लहानपणापासून एकाच माणसाकडे बघत आलोय, तर आता ऐन वेळी कोणाचं आणू?’

‘लिफ्टपण त्यानंच घातली का?’

‘लिफ्ट, बेल, सगळं त्याचंच. त्या मुलीनं नुसतं “तो जेवतो” असं लिहिलं होतं.’

‘बरं.’

‘लिहा म्हणून सांगायला फोन नाही केला. तो ओरडेल मला. पण सारखा जिन्याकडे बघतोय, तुम्ही येऊन काहीतरी बोलाल म्हणून. चांगलं नको, वाईट तरी बोला. इतकी वर्षं नियम तुम्ही पाळलात आणि उपास त्याला घडला.’

‘मी सहा वाजता मजकूर देतो,’ कोपरेकाका म्हणाले. यातून तिला काय समजायचं ते तिनं समजावं, अशा बेतानं त्यांनी फोन ठेवला.

बोटींचं पुस्तक त्यांनी खणात टाकलं. मग चौथी चौकट लिहायला घेतली. त्यांना एरवी एका चौकटीला अर्धा तास लागतो. या वेळी लिहिण्यापेक्षा थांबणंच जास्त झालं. ‘निरीक्षण अचूक आहे’ असं लिहून त्यांनी खोडलं. ते अचूक आहे याची खात्री देऊ शकणारा शहरात एकच माणूस होता आणि त्याला ती छापील द्यायची नव्हती. संपादक दोनदा लांबून डोकावून गेली. सहाला काही मिनिटं कमी असताना त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

शुक्रवारी छापून आलं ते असं:

‘या नाटकात मुख्य भूमिका करणारा नट माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. वाचकांनी माझ्या मतातून हवं तेवढं वजा करावं. तरीही नाटक बघावं असंच उरेल. काम चांगलं झालं आहे. तो हशा मागत नाही, म्हणून मिळतो. एक आक्षेप आहे. शेवटी हा माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलतो, ते खोटं आहे. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस स्वतःशी बोलत नाही. त्याची गप्प राहण्याची सवय पक्की झालेली असते आणि फोन आलाच तर त्याला आधी घसा साफ करावा लागतो. हे स्वगत प्रेक्षकांना रडवतं, पण ते प्रेक्षकांसाठीच लिहिलेलं आहे, त्या माणसासाठी नाही. ज्यांच्याकडे कोणी येत-जात नाही त्यांनी हे नाटक बघितलं नाही तरी चालेल. त्यांच्या नातेवाइकांनी बघावं.’

शुक्रवारी कोपरेकाका घरी असतात. सकाळी त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी आलेली पुस्तकं उघडली. पुलांचा इतिहास, एका गायिकेच्या आठवणी, मुलांसाठी चंद्राचं चित्रपुस्तक. दुपारपर्यंत चंद्राचं वाचून झालं. लिफ्ट चारपाच वेळा मजल्यावर थांबली. बेल वाजली नाही.

फोन संध्याकाळी आला. त्यांनी घसा साफ केला आणि उचलला.

‘दादा.’

‘हं.’

‘वाचलं.’

‘हं.’

‘घसा साफ केलास ना आत्ता?’

‘केला.’

दोघेही थोडं हसले. धाकट्याचं हसणं जास्त वेळ टिकलं.

‘उद्याचा खालचा मजला जवळजवळ विकला गेलाय,’ धाकटा म्हणाला. ‘खिडकीवरची बाई म्हणाली, आज जेवायला उठता आलं नाही. निर्माता पुढच्या शनिवारची तारीख घ्यायला गेलाय. मला आज “साहेब” म्हणाला.’

‘चांगलं आहे.’

‘ती मुलगी मात्र दिवसभर भांडली. म्हणे, तुमच्या भावाला नाटकातलं काय कळतं? मी म्हटलं, नाटकातलं थोडंफार कळतं त्याला. पण हे नाटकातलं नाहीच.’

‘मग?’

‘मग म्हणाली, एक प्रयोग स्वगत न घेता करून बघू. नुसतं बसायचं. मला भीती वाटते रे. एवढा वेळ काहीच न बोलता बसायचं म्हणजे हातांचं काय करू?’

कोपरेकाकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एकात फोन होता, दुसरा चंद्राच्या पुस्तकावर होता.

‘काही करू नकोस. राहू दे जिथे आहेत तिथे.’

‘उद्या ये ना. मागच्या दारानं ये. ही डबा आणणार आहे, तिघं बसू.’

‘उद्या चारला दुसऱ्या नाट्यगृहात नवीन प्रयोग आहे. तिथे जायचंय.’

‘ते पुढच्या आठवड्यात बघ.’

‘सदर पुढच्या आठवड्याचंच आहे.’

‘मग परवा?’

‘बघतो,’ ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी पुलांचा इतिहास उघडला.

उद्या, शनिवारी, धाकट्याच्या नाटकाचा प्रयोग नेहमीप्रमाणे चार वाजता सुरू होईल. स्वगताच्या जागी धाकटा नुसता बसणार असल्यामुळे पडदा सहा चाळीसऐवजी सहा पस्तीसला पडेल, आणि प्रेक्षागृहातले दिवे त्याच वेळी लावायचे, असं दारावरच्या माणसाला सांगून ठेवलं आहे.