पिवळ्या पाण्याचा नकाशा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बंगळूरमधल्या एका संशोधन कार्यालयात नकाशांचं काम करत होते. त्या वर्षी आमच्या साहेबांनी मला शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना संगणकावर नकाशे करायला शिकवायचं काम दिलं. दर शनिवारी इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये वीसेक शिक्षक जमत. माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यांच्यापुढे गेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या एक बाई माझं बोलणं इतरांना समजावून सांगत. पन्नाशीच्या होत्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

प्रत्येकाने आपल्या वर्गाकडून एक नकाशा करून घ्यायचा होता. अक्कांची शाळा राजाजीनगरच्या पलीकडे, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत होती. त्यांनी विहिरी निवडल्या. मुलांनी घराजवळच्या विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं. अक्कांनी बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या, तेव्हा चार बाटल्यांत पाणी फिकट पिवळं दिसलं.

"तिकडे लोखंडाला क्रोमची चकाकी देणारे कारखाने आहेत," अक्का म्हणाल्या. "मागच्या मोरीत सोडतात सगळं."

आम्ही प्रत्येक विहीर संगणकावर ठिपक्याने दाखवली. मधली जागा संगणकाने रंगवली आणि पडद्यावर पिवळा डाग उमटला. दोन महिन्यांनी मुलांनी पुन्हा पाणी आणलं. आता सात बाटल्या पिवळ्या होत्या आणि डाग उताराने शाळेकडे सरकला होता.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं. मी ते साहेबांना दाखवलं, त्यांनी कौतुक केलं. अक्का मात्र पडद्यासमोरून हलेनात.

"मॅडम, शाळेच्या पंपापर्यंत हे कधी पोचेल?"

"असं सांगता येत नाही. ठिपके फार कमी आहेत."

"ठिपके कसले? माझ्या पोरांची घरं आहेत ती."

पुढच्या शनिवारी त्यांनी शाळेच्या हातपंपाचं पाणी आणलं. अगदी नितळ होतं. त्यांचा चेहरा खुलला. पण पाणी पिवळं दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ते विषारी झालेलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हणाले, "प्रयोगशाळेत तपासून घेते."

ती बाटली माझ्या टेबलावर सोळा दिवस पडून राहिली. वार्षिक अहवालाची गडबड होती, आणि पाणी तर स्वच्छ दिसत होतं. शेवटी मी ती पाठवली. पाणी पिण्यालायक नसल्याचा निकाल हातात आला, तशी रिक्षा करून थेट शाळेत गेले.

मधली सुट्टी होती. पंपाभोवती मुलांची झुंबड उडाली होती. एक मुलगी दांडा हापसत होती, बाकीची ओंजळीने पीत होती. मी धावत जाऊन दांडा धरला. मुलं माझ्याकडे बघतच राहिली.

हेडमास्तर बाहेर आले. कागद वाचून म्हणाले, वरून पत्र आल्याशिवाय पंप बंद करता येणार नाही. अक्कांनी शिपायाकडून पाना मागवला, स्वतः वाकून दांड्याचा बोल्ट काढला आणि पर्समध्ये टाकला.

"आता येऊ दे पत्र," त्या म्हणाल्या. मग हळूच मला विचारलं, "बाटली कधी दिली होती मी तुम्हाला?"

मी खाली मान घातली.

महिनाभराने शाळेला टँकरचं पाणी सुरू झालं. त्याआधीच दोन मुलांच्या तोंडात फोड आले होते. कशामुळे, ते कुणी तपासलं नाही. मला साहेबांनी बोलावून सांगितलं, यापुढे शिक्षकांना जंगलांचे नाहीतर तलावांचे नकाशे द्या, विहिरी नकोत. मी 'बरं' म्हणाले, आणि तसंच केलं.

वर्षाने अक्का बनशंकरीच्या बाजारात भेटल्या. शाळेच्या खालच्या अंगाला नवी घरं झाली होती, प्रत्येकाने बोअर मारली होती.

"त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"रोज सांगते. पाणी नितळ दिसतं ना, कोण ऐकतंय?"

त्या घरांचा नकाशा मी कधीच काढला नाही.