पहिला हात

बाळ माझ्या हातांवर जन्मलं. आईच्या छातीवर ठेवलं, मग पुसून गुंडाळलं आणि बाहेर थांबलेल्या सासूबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी हात पुढे केले. मग मागे घेतले.

"आडनाव काय वं तुह्यं?"

सांगितलं. त्या माझ्याशी पुढे बोलल्याच नाहीत. इन्चार्ज सिस्टरला म्हणाल्या, "बाई, पहिला हात आपल्यातल्या पोरीचा पाहिजे. ज्याच्या हातून लेकरू येते, त्याचा गुण लागते."

"दे इकडे," सिस्टर म्हणाली. बाळ माझ्याकडून घेतलं, अश्विनीकडे दिलं. अश्विनी माझ्यासारखीच उमेदवार. रक्त पाहून तिला घेरी आली होती, सगळं बाळंतपण ती कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. सासूबाईंनी तिच्या हातून नातू घेतला. पेढाही तिलाच दिला. त्यांच्या सुनेचं रक्त माझ्या एप्रनवर ओलं होतं.

नागपुरातला खाजगी दवाखाना. मी नर्सिंग झालेली. आता बाळंतपणाचं खास प्रशिक्षण निघालं आहे, त्याची भरती होती. निवडीआधी आठवडाभर लेबर रूममध्ये काम बघतात.

माझी आजी कुहीकडच्या खेड्यात सुईण होती. अडली बाई की तिला बोलावणं यायचं. नाळ कापून घ्यायचे, आणि तिची पाठ वळली की गोमूत्र शिंपडायचे. तेव्हा वरच्या जातीच्या घरची एकही मुलगी या कामाकडे फिरकत नव्हती. विटाळ ना! आता प्रमाणपत्र आलं, पगार आला, परदेशातल्या नोकऱ्या आल्या. रांग लागली. लागू दे की. पण आम्हाला रांगेतून काढून हातात पोछा का?

कारण तेच झालं. शेवटच्या दिवशी भरतीच्या मॅडमनी बोलावलं. चहा दिला. गोड बोलल्या.

"काम तुझंच सगळ्यात चांगलं. पण आपल्याकडे पेशंट घरंदाज, त्यांना मुलीही तशाच लागतात. ट्रेनिंगला अश्विनीला घेतोय. तुला आया म्हणून ठेवते. तुमच्या लोकांना सवय असते."

तुमच्या लोकांना. आयाचं काम हलकं नाही. ते जन्म बघून आमच्या गळ्यात मारणं हलकट आहे. आजोबांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून मेलेलं ढोर ओढलं नाही. सोडू का, म्हणून कोणाला विचारायला गेले नव्हते ते.

"मी आया म्हणून येणार नाही," मी म्हटलं. "आणि मला का घेतलं नाही, ते बाहेर थांबलेल्या बाकीच्या उमेदवार मुलींसमोर सांगा."

"आवाज कमी कर."

नाही केला. दार उघडलं आणि मीच सांगितलं सगळं. आडनावाचं, पहिल्या हाताचं, सवयीचं. अश्विनी मान खाली घालून बसली होती. एकही मुलगी उठली नाही.

हुडकेश्वरच्या खोलीवर पोचले तर आईचा फोन. ती अजून दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जाते.

"भेटली काय वं जागा?"

"आयाची देऊन राहिले होते. मी नाही म्हटलं."

मग म्हणाली, "घ्यायची होती वं. पोट तं भरलं असतं."

मला रडू फुटलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण तिचं ऐकणार नव्हते.

"आई, लेबर रूममंधी जाईन तं बाळंतपण करायलेच जाईन."

सोमवारी दुसऱ्या दवाखान्यात मुलाखत आहे. मी जाणार. घेतलं नाही तर का नाही, हे तिथेच, सगळ्यांदेखत विचारणार. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडणार नाही.