लॅबजवळची खोली

"आडनाव न्हाई सांगितलं तुमी," किल्ली देता देता मालकीणबाई थांबल्या.

वंदनानं सांगितलं. बाईंनी किल्ली मुठीत परत घेतली. "ह्यांना इचारते," म्हणाल्या. भोरमध्ये घरं भाड्यानं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तेव्हाच समजलो.

वंदना गुंजवण्याची, बौद्ध घरातली. भोरबाहेरच्या नव्या शॉपिंग सेंटरमधल्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली होती. उपाशीपोटीचं रक्त सकाळी लवकर घ्यावं लागतं. तिची एसटी येईपर्यंत अर्धे पेशंट निघून जात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "महिन्याभरात जवळ राहायला या, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

तिला वन आरके हवा होता, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. सेंटरमागच्या बिल्डिंगांत असे कितीतरी रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "आमचा भाचा यायचाय ऱ्हायला."

"काल नव्हता यायचा?"

"समजून घ्या की. बिल्डिंगीतली लोकं बोलत्यात."

हे गृहस्थ साखर तपासायला वंदनापुढंच हात करायचे. "पोरीचा हात लई हलका हाय," असं मला त्यांनीच सांगितलं होतं.

पुढच्या घरी मटण-मासळीचं कारण निघालं. मालकाच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या. तिसरा म्हणाला, एकट्या बाईला देत नाही. वंदना आईला आणायला तयार झाली, तर त्याचं रंगकाम निघालं.

जिना उतरताना मी म्हणालो, "वंदना, पुढं नुसतं नाव सांगू. करार झाला की मग बघू."

"आन् मग काका? रोज आपल्याच घरात चोरावानी शिरू?"

त्यानंतर ती गेटवरच आडनाव सांगू लागली. बहुतेक ठिकाणी जिना चढावाच लागला नाही.

शेवटी एक खोली मिळाली, ती किकवीत. तिथूनही तेवढ्या सकाळी भोरला पोचायची सोय नव्हती. महिना संपला. लॅबनं दुसरा माणूस घेतला. वंदना गावी परतली. आता आईबरोबर भाताच्या खाचरात असते, असं तिचे चुलते सांगत होते.

हल्ली मी घर दाखवण्याआधी मालकालाच विचारतो, कुणाला देणार नाही ते आत्ताच सांगा. प्रत्येकजण म्हणतो, "छे, आमच्यात तसलं काय न्हाई." एवढं ऐकलं की मी गिऱ्हाइकाला आणखी चार घरं बघून ठेवायला सांगतो.